खंडेनवमीचा फोटो

गेल्या आठवड्यात आमची कंपनीची बस चाकणच्या अलीकडे अडकली. ती रोजच अडकते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी खिडकीला लागून झेंडूनं भरलेला टेंपो उभा होता. सकाळचे साडेसहा, ऑक्टोबरचं कोवळं ऊन, आणि हात बाहेर काढला तर मूठभर फुलं येतील एवढ्या अंतरावर तो पिवळा-केशरी ढीग. टेंपोवाला फुलांवरच आडवा होऊन घोरत होता. बसमध्ये नेहमीचा डिझेलचा वास, कुणाच्यातरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास, आणि त्यावर हा झेंडूचा उग्र, हिरवट वास. माझा हात आपोआप पर्सकडे गेला. फोटो काढला. फुलांचा, झोपलेल्या माणसाचा, त्याच्या तळपायांना चिकटलेल्या दोन पाकळ्यांचा. तेवढ्यात बस हलली.

सहा वर्षांपूर्वी मी याच टेंपोचा फोटो काढला असता तर पंक्चर झालेल्या चाकाचा काढला असता. खोटं नाही सांगत.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर लोकांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, ओरखडा दिसला की बाजूला ठेवायचा. मग त्या ओरखड्याचा फोटो. फोटो काढताना शेजारी सहा इंची स्टीलची पट्टी ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला खोट केवढी आहे ते कळतं. नंतर संगणकावर खोटीभोवती लाल गोल, एक बाण आणि खाली दोन ओळी. असे किती लाल गोल मी आजवर काढले असतील, त्याचा हिशेब कुणी विचारू नये.

जित्याची खोड, दुसरं काय. घरी आलं तरी डोळे कामावरच. कासारवाडीच्या आमच्या घरात मी भिंतीला आलेल्या ओलीचा फोटो काढत असे, गॅलरीच्या कठड्याच्या गंजाचा, स्कूटरला पडलेल्या पोच्याचा, बाजारातून आणलेल्या वांग्यातल्या अळीचासुद्धा. नवरा एकदा माझा मोबाइल चाळत बसला होता. शेवटी म्हणाला, "लग्नाला बारा वर्षं झाली. ह्यात माझा एकच फोटो आहे. तोही शर्टावर शाई सांडली होती तेव्हाचा."

"दुकानदाराला दाखवायचा होता, डाग कशानं जातो ते विचारायला."

"बरं. माझ्याभोवती लाल गोल नाही केलास, तेवढी मेहेरबानी."

मी हसले. पण नंतर एकटीनं सगळे फोटो पाहिले आणि थोडं वाईट वाटलं. दोन हजारांवर फोटो, आणि त्यात एकही गोष्ट धड नव्हती.

फोटोंच्या बाबतीत आमच्याकडची आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. चाकणच्या बहुतेक कंपन्यांत गेटवरच तुमच्या मोबाइलच्या डोळ्यावर चिकटपट्टीचा छोटा गोल लावतात. आतलं काही बाहेर जायला नको म्हणून. रोजचा रंग वेगळा, म्हणजे कालचीच चिकटपट्टी लावून कुणी आत शिरायला नको. संध्याकाळी गेटबाहेर आलं की माणसं ती सोलतात आणि टाकायची कुठं म्हणून गेटशेजारच्या लोखंडी खांबाला चिकटवतात. वर्षानुवर्षांच्या गोलांनी तो खांब लाल, हिरवा, निळा, पिवळा झाला होता. मी रोज त्याच्यापाशी थांबून माझा गोल चिकटवत असे आणि रोज मनात म्हणत असे, काय हा घाणेरडा खांब.

आत कॅमेरा एकच. आमच्या खात्याचा. तो माझ्या गळ्यात.

इब्राहिमचाचा आमच्या टूलरूममध्ये धार लावायच्या मशीनवर होते. दिवसभर कापून बोथट झालेली ड्रिलं आणि कटर त्यांच्याकडे यायची आणि धार घेऊन परत जायची. ते मूळचे चाकण गावठाणातले. त्यांचे वाडवडील गावोगाव फिरून विळ्या-कोयत्यांना धार लावत. चाचा एकदा मला म्हणाले होते, "माझा बा साण पाठीवर घिऊन फिरायचा. म्या एका जागी हुबा राहिलो, येवढाच फरक." ठेंगणे, पांढरी दाढी, कानात कापसाचा बोळा. धार लागली की नाही हे बघायला आमच्याकडे महागडी उपकरणं आहेत. चाचा कटरची कड अंगठ्याच्या नखावर टेकवत. घसरली तर बोथट, रुतली तर धार. त्यांनी नखावर पाहिलेला कटर मी नंतर भिंगाखाली धरत असे, आणि मला आजवर त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही.

बोट ठेवायला जागा सापडली ती त्यांच्या पायाखाली. मशीनसमोर फरशीवर चाचा कसलंतरी फडकं चार घड्या घालून अंथरत आणि त्यावर उभे राहत. तेलानं आणि लोखंडाच्या भुकटीनं काळंकुट्ट झालेलं, जाडजूड, चेपलेलं. दर तीन महिन्यांनी आमच्याकडे स्वच्छतेची तपासणी असते. जिथं जे लागत नाही ते तिथं असता कामा नये, असा नियम. मी त्या फडक्याचा फोटो काढून लाल गोल केला, खाली लिहिलं, 'अनावश्यक वस्तू.' चाचांनी ते उचललं. मी वळले की परत अंथरलं. पुढच्या तपासणीत पुन्हा लाल गोल. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला, तर म्हणाले, "म्याडम, सिमिट गारठा चढिवतंय पायात. तुमी खुर्चीवर बसता, तुमाला न्हाई कळायचं."

मला राग आला होता. कुणी खरं बोललं की येतोच.

मग तो ऑक्टोबर आला. त्या वर्षीचा ऑक्टोबर मला अजून जसाच्या तसा आठवतो. पहाटे मोशीच्या पुलाखाली इंद्रायणीवर धुक्याचा पातळ थर असायचा, आणि अकरा वाजता पत्र्याच्या छपराखाली जीव नकोसा व्हायचा. कापताना मशीनवर सोडतात त्या कूलंटचा आंबूस वास उन्हानं दुप्पट होई. बाजार समितीच्या बाजूनं वारा आला की कांद्याचा वास येई, कोथिंबिरीचा येई. देहूकडून येणारी माणसं शेतात कापायला आलेल्या भाताच्या गोष्टी करत. अशाच एका दुपारी चहाच्या सुट्टीत चाचा माझ्या टेबलापाशी आले. हातात दोन कप. एक माझ्यापुढे ठेवला. हा माणूस कामाशिवाय टूलरूमच्या बाहेर पडत नसे, त्यामुळे मी जरा सावध झाले.

"म्याडम, एक काम व्हतं."

"बोला चाचा."

"म्हैनाअखेरीला म्या सुटतो. ती मशीन बी सुटती. भंगारवाला येऊन बघून ग्येला."

हे मला माहीत होतं. धार लावायचं काम आता बाहेर, संगणकावर चालणाऱ्या मशीनवर जाणार होतं. चाचा आणि त्यांची मशीन एकाच आठवड्यात निघणार होते.

"यकतीस सालं झाली," चाचा म्हणाले. "घरात चाची रोज इचारती, दिसभर कुटं हुबं राहाता? म्या सांगतो, मशिनीपुढं. तिनं बिचारीनं मशीन बघितली ती शिवनाची आन् पिठाच्या गिरनीची. पयले खंडेनवमीला घरच्यांस्नी आत घ्यायचे. तवा दर साली कायतरी आडवं आलं. यकदा बाळंतपन, यकदा माझी आई आजारी. आन् ती मोकळी झाली तवा कंपनीनं घरची मानसं आत घ्यायचं बंद केलं. आता तिचं गुडघं ग्येलं." त्यांनी आपला कप टेबलावर ठेवला. "मशीन जायाच्या आदी तिला यकदा दावायचं हाय. म्या कुटं हुबा राहिलो ते. एक फोटू काडा."

एवढंच मागणं. माझ्या वडलांनी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढला. ते नेमकं कुठं उभे राहायचे, हे मलाही माहीत नाही. आता विचारायला ते नाहीत. मी चाचांना म्हटलं, काढते. मग साहेबांकडे गेले. साहेबांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. मशीनचा फोटो बाहेर न्यायला परवानगी नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "माणसाचा काढ. मागे काय येईल ते येईल. भिंतीवरची ड्रॉइंग तेवढी येऊ देऊ नकोस. आणि खंडेनवमीला, पूजेच्या तासातच."

खंडेनवमीला आमच्या शॉपवर दहा वाजता सगळ्या मशीन बंद होतात. वर्षभर ज्या आवाजात आपण ओरडून बोलतो तो आवाज अचानक थांबला की कानात पोकळी झाल्यासारखी वाटते. लोक उगाच कुजबुजत बोलतात. मग छपरावर बसलेल्या पारव्यांचा आवाज ऐकू येतो आणि कळतं, हे रोजच इथं असतात. त्या दिवशी सगळी अवजारं घासूनपुसून मांडलेली होती. ड्रिलं लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत, पाने, हातोड्या, कानशी. कुणीतरी माझ्या मायक्रोमीटरवरही हळदीकुंकू वाहिलं होतं, आणि मी चोरून त्याचा जबडा पुसून घेतला. उदबत्तीचा धूर कूलंटच्या वासात मिसळला होता. दोन्ही वास एकमेकांना ओळखत असल्यासारखे सोबत फिरत होते.

चाचा आपल्या मशीनला हार स्वतः घालत. गेली कित्येक वर्षं. कुणी नवख्यानं विचारलं तर म्हणत, "दुसऱ्यानं घातला तर दोरा चाकात अडकतो. म्या बांधतो त्यो कुटं बी अडकत न्हाई." त्या दिवशीही त्यांनी हार बांधला, गाठ मागच्या बाजूला घेतली, दोरा दोनदा ओढून पाहिला. त्यांच्या अंगावर धुतलेला गणवेश होता आणि खिशाला इस्त्रीची घडी.

मी कॅमेरा गळ्यात घालून पोचले. उजेड कसा येतो ते पाहायला एक फोटो सहज टिपला. चाचांना तेव्हा कळलंही नव्हतं. ते फडक्यावर उभे होते, मान वाकवलेली, कुठल्याशा कटरची कड अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहत होते. मशीन बंद, काम बंद, दोन आठवड्यांत नोकरी बंद. तरी हा माणूस धार बघत होता. मी फोटो काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला आणि कपाळाला हात लावला. मशीनच्या टेबलावर माझी सहा इंची स्टीलची पट्टी होती. कधी खिशातून काढली आणि कधी ठेवली, देव जाणे. वर्षानुवर्षांची सवय. फोटो काढायचा म्हणजे शेजारी पट्टी हवीच. इब्राहिमचाचा केवढे आहेत, ते आता कुणालाही मोजता आलं असतं.

"हा चाचणीचा होता," मी म्हटलं. "आता नीट काढू."

आणि मग मी तो नीट काढायला घेतला. पट्टी उचलली. बादली सरकवली. तेलाचा डबा मशीनमागे ठेवला. चाचांची टोपी सरळ केली. शेवटी खाली पाहिलं.

"चाचा, ते फडकं काढू या ना. फोटोत घाण दिसेल."

"राहू दे की," चाचा म्हणाले.

"चाचींना दाखवायचा फोटो आहे. चांगला यायला नको?"

चाचा बाजूला झाले. मी ते फडकं चिमटीत धरून मशीनमागे टाकलं. फरशीवर तेवढीच एक जागा फिकट होती. चाचा तिथं परत येऊन उभे राहिले आणि त्यांना उभं राहताच येईना. पाय कुठं ठेवावे ते कळेना. एकदा डावा पुढे, एकदा उजवा. हातांचं काय करायचं म्हणून त्यांनी ते मांडीला चिकटवले. मी आठ फोटो काढले. आठही स्वच्छ, आठही सरळ. एकातही कसली खोट नव्हती.

त्यातला सर्वांत चांगला मी मोठा करून घेतला, चौकट लावली. त्या दिवशीचं वेगळं कार्ड स्टुडिओवाल्याकडे दिलं होतं, त्यानं उरलेलेही छोट्या आकारात काढून पाकिटात घातले. चाचणीचा फोटोही त्यात आला, कारण आमच्या खात्याच्या कॅमेऱ्यातून काही पुसायचं नाही असा नियम आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी ते सगळं घेऊन मी चाकण गावठाणात त्यांच्या घरी गेले.

दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावर तुळशीच्या उंचीची कोरफड. चाची पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यांना लोकरी पट्टे. नवरा-बायको एकटे असले की दखनीत बोलत आणि माझ्यासमोर मावळातल्या मराठीत. चाचींनी आधी मला खायला घातलं, मग हात धुऊन, पदराला पुसून चौकट मांडीवर घेतली. चाचा दारात उभे. बसायला सांगितलं तरी बसेनात.

चाचींनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "ब्येस हाय. लई ब्येस."

मला बरं वाटलं.

"पर ह्ये तर लग्नात हुबं राहिल्यावानी हुबं राहिल्यात," त्या म्हणाल्या. "काम कुटं करत्यात?"

"इथंच चाची. ही मागे आहे ना, ती मशीन."

"व्हय. दिसती की." आणि त्यांनी चौकट अलगद उशीपाशी ठेवली. त्यांना मला दुखवायचं नव्हतं. पण त्यांना जे पाहायचं होतं ते त्यात नव्हतं, हे मला कळलं, आणि दारात उभ्या माणसालाही. एकतीस वर्षांचा प्रश्न आणि मी त्याचं एक स्वच्छ, बिनचूक, रिकामं उत्तर आणलं होतं. मशीन तर आता थोड्याच दिवसांत जाणार होती. मला खरोखर रडू यायला लागलं.

काहीतरी करायचं म्हणून मी पाकीट पुढं केलं. "हे छोटे पण आहेत बघा."

चाची एकेक फोटो पत्त्यासारखा बाजूला ठेवत गेल्या. शेवटचा चाचणीचा आला. तो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग दाराकडच्या उजेडात तिरका केला. मी वाट पाहत होते की त्या पट्टीबद्दल विचारतील. त्यांचं बोट पट्टीवर नव्हतं, मशीनवर नव्हतं, चाचांच्या तोंडावरही नव्हतं. बोट खाली होतं, फडक्याच्या एका कोपऱ्यावर. तो कोपरा एरवी मशीनच्या पायथ्याखाली दबलेला असल्यामुळे तेलापासून वाचला होता आणि पूजेच्या साफसफाईत बाहेर आला होता. लाल कापड, त्यावर पांढरे ठिपके.

"ह्यो शबानाचा फ्रॉक हाय," चाची म्हणाल्या.

मला काही कळेना. शबाना ही त्यांची थोरली मुलगी, आता मंचरला सासरी.

"ही माझी वाकळ हाय! तिच्या पयल्या फ्रॉकाचं ठिगाळ लावलं हुतं म्या. आईचं हिरवं लुगडं आतमदी घातलं हुतं." त्यांनी मान वर केली. "आवं, ही वाकळ हितं कशी?"

चाचांनी कोरफडीकडे पाहायला सुरुवात केली.

"शबाना लहान हुती तवा दोरीवरनं ग्येली ही! जावंनं न्हेली म्हनून म्या तिच्याशी दोन सालं बोलले न्हाई! दोन सालं!"

"सिमिट लई गार हुतं," चाचा कोरफडीला म्हणाले. "सायबाला रबराची चटई मागितली, त्यो म्हनला बघू. म्हनलं तवर ही न्यावी. सांजच्याला सांगनार हुतो. घरी आलो तर तुझं आन् वैनीचं भांडान जुंपल्यालं. मग कसं सांगू?"

"मग नंतर सांगायचं!"

"नंतर म्हनलं, आता कशाला."

साप साप म्हणून दोन वर्षं भुई धोपटली गेली होती, आणि साप रोज पहाटे डब्याची पिशवी घेऊन कंपनीत जात होता. मला हसू आवरेना. चाचीही हसायला लागल्या, पोट धरून, पदर तोंडाला लावून. मग हसता हसता त्यांचा आवाज बदलला. त्यांनी फोटो पुन्हा मांडीवर घेतला आणि त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिल्या, वाकळीची शिवण चाचपावी तसा.

"म्या म्हनत हुते, मला कंपनी दावली न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् म्या तर रोज जात हुते की."

चाचा दारातून आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. मी माझ्या मांडीवरच्या हातांकडे पाहत होते. याच हातांनी मी ती वाकळ चिमटीत धरून टाकली होती, तिच्याभोवती तीनदा लाल गोल काढला होता, 'अनावश्यक वस्तू' लिहिलं होतं. मला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या खालून एक मोठा आनंदही वर आला, की कॅमेऱ्यातून काही पुसायचं नाही असा नियम आहे. माझ्या खात्याचे मी पहिल्यांदा मनापासून आभार मानले.

चौकटीतला फोटो त्याच दिवशी चौकटीतून निघाला आणि तिथं तो चाचणीचा गेला. जरा लहान पडतो, भोवती पांढरं दिसतं. चाची फोनवर जावेला म्हणाल्या, "बाई, वाकळ घावली. आता तू मला काय बी बोल." पलीकडून बराच वेळ काय काय बोललं गेलं आणि चाची नुसतं "व्हय, व्हय" करत राहिल्या. मी निघताना त्यांनी विचारलंच, "ती पट्टी कशाला गं ठिवलीस?"

"केवढं आहे ते कळावं म्हणून," मी म्हटलं.

"मग कळलं का?"

मी हो म्हटलं.

चाचा सुटले त्या दिवशी ते ती वाकळ पिशवीत घालून घेऊन गेले. गेटवरच्या माणसानं पिशवी उघडून पाहिली, नाक मुरडलं आणि जाऊ दिलं. दोन दिवसांनी मशीन गेली. तिच्या जागी आता फरशीत बोल्टांची चार भोकं आहेत आणि समोर ती फिकट जागा. नवी माणसं तिच्यावरून ट्रॉल्या ढकलत जातात. मी कधी चुकूनही तिच्यावर पाय देत नाही. याला काही अर्थ नाही हे मला माहीत आहे.

त्यानंतर मी काही मोठी कलावंत झाले असं समजू नका. अजून चुका काढते, अजून पगार घेते. स्वच्छतेच्या तपासणीतही जाते, पण लाल गोल काढायच्या आधी आता विचारते, हे काय आहे आणि इथं का आहे. निम्म्या वेळा उत्तर ऐकून गोल राहून जातो. आणि गेटबाहेर पडले की रोज एक फोटो स्वतःसाठी काढते. पहिला काढला तो त्या ठिपक्यांच्या खांबाचा. जवळून. आमच्याच लोकांनी, रोज घरी जाण्याच्या घाईत, एकेक ठिपका लावून केलेलं ते चित्र मी इतकी वर्षं घाण म्हणत होते. त्यात माझेही कितीतरी ठिपके असणार. मग एकदा ताथवड्याला नणंदेकडे गेले तेव्हा अकराव्या मजल्यावरून वाळत घातलेल्या चादरींचा काढला. एक दिवस नवऱ्याचा काढला, स्कूटर पुसताना. त्यानं आधी शर्ट तपासला, कुठं डाग पडलाय का. म्हटलं, नाही रे, असाच. तो इतका गडबडला की पुसायचं फडकं हातातून पडलं.

असा 'असाच' फोटो काढताना मला दर वेळी कुणाचेतरी आभार मानावेसे वाटतात. कुणाचे ते नेमकं सांगता येत नाही. बहुधा समोर जे असतं त्याचेच. ते होतं, आणि मी तेव्हा तिथं होते.

काल दसरा झाला. आपट्याची पानं द्यायला मी दरवर्षी चाचांकडे जाते. चाचा ओट्यावर गल्लीतल्या बायांच्या विळ्या घेऊन बसले होते. हल्ली लोक त्यांच्याकडे धारेला विळ्या आणून देतात आणि ते एकेक नखावर पाहून परत देतात. मला पाहून म्हणाले, "आल्या आमच्या इन्स्पेक्टर. वैनी बी याची हाय, वाकळंवाली. कालवन वाढीव गं."

आत चाची उभ्या होत्या. मी पाहतच राहिले, कारण गुडघ्यांमुळे त्या गेली काही वर्षं बसूनच सगळं करत. शेगडी वर स्वयंपाकाच्या ओट्यावर घेतली होती आणि त्या उभ्यानं भाकरी थापत होत्या. खिडकीतून उतरतं ऊन परातीतल्या पिठावर पडलं होतं. हातांच्या प्रत्येक थापेला पिठाचा बारीक धूर उठत होता.

"गुडघं?" मी विचारलं.

"हाय की दुखनं. पर आता फरशी गार लागत न्हाई," चाची म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. त्यांच्या पायाखाली वाकळ होती, चार घड्या घातलेली. ती त्यांनी तीनदा सोड्यात उकळली होती. काळेपणा गेला नव्हता. पण एका कोपऱ्यात लाल कापडावरचे पांढरे ठिपके वर आले होते.

मी मोबाइल काढला. चाचींनी पाहिलं आणि लगेच एक पाय उचलला. "थांब गं पोरी, पायाखालचं काडते. फोटूत घान दिसंल."

"राहू द्या की," मी म्हटलं.